ज्येष्ठ नागरिक संघांनो, पहाटे साडेपाचला बायका कुठे असतात?

प्रति,
नाशिक शहरातील सर्व ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पंचवटीपासून इंदिरानगरपर्यंत आणि सातपूरपासून नाशिक रोडपर्यंत ज्येष्ठ नागरिक संघ नाही अशी वसाहत आता शोधावी लागते. संघांचं काम मी जवळून पाहते. ते चांगलं आहे म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. वाईट असतं तर एवढी तसदी घेतली नसती. तक्रार एकच आहे. आपला रोजचा व्यायामवर्ग पुरुषांच्या घड्याळावर, पुरुषांच्या सोयीच्या जागी आणि पुरुषांना पुरेल अशा बेताने चालतो (खरं तर त्यांनाही पुरत नाही, पण त्याबद्दल पुढे). व्यायामाचा मेंदूला होणारा फायदा ज्यांना अधिक मिळण्याची शक्यता आहे, आणि ज्यांना त्याची गरजही अधिक आहे, त्या बायका नेमक्या त्या वेळी ओट्याशी उभ्या असतात.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत असे. मुलांच्या भाषेत ‘पीटीच्या बाई’. मैदान दिसलं की कोण आलंय आणि कोण नाही, याची हजेरी मनातल्या मनात घ्यायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक घ्या, गोल्फ क्लबचं मैदान घ्या, नाहीतर गोदाकाठ. सकाळी सहाला सत्तरीचे पुरुष टोळक्याने दिसतात. साठी ओलांडलेल्या बायका मोजक्याच, आणि त्यातल्याही बऱ्याचशा नवऱ्याबरोबर आलेल्या, त्याच्या चार पावलं मागे. तरुण लेकीसुना मात्र बूट घालून, कानात गाणी लावून भराभरा चालतात. पाहून फार बरं वाटतं. पण त्यांच्या सासवा? त्या नातवाच्या डब्याच्या पोळ्या लाटत असतात, कारण सून चालायला आलेली असते.

हा सगळा हिशेब मी केवळ मैत्रिणींच्या कळवळ्याने मांडत नाही. ‘लासी’ ही आपल्या देशातल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी आहे. तिला जोडून स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा, वेगळा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये त्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसं डिमेन्शियासह जगताहेत. पुरुषांत हे प्रमाण ५.८ टक्क्यांच्या आसपास आहे, स्त्रियांत ९ टक्क्यांच्या. शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. बायका जास्त जगतात म्हणून त्यांच्यात जास्त दिसतं, एवढंच हे कारण नाही. शिक्षण हा मोठा धागा आहे. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या पुरुषांमध्ये साक्षर होते ४० टक्के आणि स्त्रियांमध्ये १५ टक्के. आज ज्या पंचाहत्तरीच्या आहेत त्या मुली तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या होत्या, आणि धाकट्या भावंडाला काखोटीला मारून घरी थांबलेल्या होत्या. लहानपणी मेंदूला जी शिदोरी मिळायला हवी ती भावाला मिळाली, बहिणीला नाही. ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली, त्यात कमी शिक्षण आहे, हालचालीचा अभाव आहे, एकटेपणा आहे, कमी ऐकू येणं आहे, न सुधारलेली दृष्टी आहे. या चौदांचा एकत्रित वाटा जवळपास ४५ टक्के धरला आहे. पंचाहत्तराव्या वर्षी शाळा परत मिळणार नाही. हालचाल मिळू शकते, सोबत मिळू शकते, आणि या दोन गोष्टी देणं संघाच्या हातात आहे.

आता व्यायामाकडे. व्यायामाने म्हाताऱ्या मेंदूला फायदा होतो हे वर्तमानपत्राच्या पुरवणीत आपण वाचतोच. तो बाई आणि बुवा यांना सारखा होतो का, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला. बहुतेक अभ्यासांत स्त्री की पुरुष हा रकाना भरला जाई, त्याचा फरक गणिताने वजा केला जाई आणि विषय संपे. २००३ मध्ये कोलकोम आणि क्रेमर या दोघांनी अठरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा एक गोष्ट वर आली: ज्या गटांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, तिथे व्यायामाचा बौद्धिक फायदा मोठा दिसत होता. २०१७ मध्ये कॅनडातल्या सिंडी बारहा आणि टेरेसा लिऊ-अॅम्ब्रोस यांच्या चमूने ज्येष्ठांवरचे नियंत्रित प्रयोग याच प्रश्नासाठी पुन्हा चाळले. दम लागेल असा व्यायाम घेतल्यावर होणारा फायदा बायका जास्त असलेल्या अभ्यासांत अधिक, आणि तो विशेषतः एका प्रकारच्या क्षमतेत.

ती क्षमता कोणती, हे समजून घेण्यासारखं आहे. आपण विसरणं म्हणजे नावं विसरणं समजतो. पण एका गॅसवर वरण, दुसऱ्यावर भाजी, दारात दूधवाला, फोनवर लेक, आणि तरीही कुकरच्या शिट्ट्या बरोबर मोजल्या जाणं, हे काम मेंदूचा वेगळा भाग करतो. लक्ष एकीकडून दुसरीकडे नेणं, पुन्हा परत आणणं, मध्येच आलेल्याला थोपवून धरणं. हे तपासायची एक साधी चाचणी आहे, ट्रेल मेकिंग नावाची. कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात. पेन्सिल न उचलता १ वरून अ, अ वरून २, २ वरून ब, ब वरून ३ अशी रेघ ओढत जायचं, आणि वेळ मोजायची. मी आमच्या गच्चीवर मैत्रिणींकडून करून घेतली. पहिल्या मिनिटाला खिदळणं होतं, दुसऱ्या मिनिटाला सगळ्या गप्प. एकीने ३ वरून सरळ ४ गाठला, मग पेन्सिलचं टोक कागदावरच दाबून बसली. घरात ती चार माणसांचा स्वयंपाक बिनचूक करते, पण परवा भाजीवाल्याने तीन भाज्यांचे भाव एकदम सांगितले तेव्हा गोंधळली, असं तिनेच मग सांगितलं.

२०१० मध्ये अमेरिकेत लॉरा बेकर आणि सहकाऱ्यांनी स्मरणशक्तीची सौम्य तक्रार असलेल्या ३३ जणांना सहा महिने व्यायाम दिला. त्यात १७ बायका होत्या. एका गटाला आठवड्यातून चार दिवस, पाऊण ते एक तास, चांगलाच घाम निघेल असा; दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ नुसतं अंग ताणणं. घाम गाळणाऱ्या बायका या प्रकारच्या अनेक चाचण्यांत सुधारल्या. पुरुष सुधारले ते एकाच चाचणीत, तीच आकडे-अक्षरांची. बायकांच्या शरीराने साखर वापरण्याची पद्धतही सुधारली, उपाशीपोटी इन्सुलिन आणि ताणाचं संप्रेरक कॉर्टिसोल उतरलं. कॅनडात बारहांच्या चमूने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या विकाराने बुद्धी मंदावलेल्या ज्येष्ठांना सहा महिने चालण्याचा व्यायाम दिला, तेव्हाही याच प्रकारच्या चाचणीत फायदा स्त्रियांना झाला, पुरुषांत तो दिसला नाही.

असं का होतं, याची उत्तरं अजून भांडताहेत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचं संरक्षण जातं आणि व्यायाम त्याची काही भरपाई करत असावा, हा एक विचार. चेतापेशींना पोसणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन व्यायामाने बदलतं, हा दुसरा; पण बेकरांच्या बायकांत त्याचं रक्तातलं प्रमाण घटलं आणि बारहांच्या बायकांत वाढलं, तेव्हा त्यावर फार इमले रचू नयेत. तिसरा विचार मला जास्त पटतो, तो रसायनाचा नाहीच. बायकांनी आयुष्यभर ठरवून, स्वतःसाठी व्यायाम केलेला नसतो. जिथे सुरुवातच शून्यापासून होते तिथे चढाला जागा भरपूर असते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर संघातले निवृत्त प्राध्यापक पत्राला उत्तर पाठवतील. हे अभ्यास लहान आहेत. ३३ माणसं म्हणजे आमच्या शाळेतला एक वर्गही भरत नाही. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ नावाच्या मोठ्या प्रयोगात ७० ते ८९ वयाचे १६३५ जण घेतले आणि त्यांतल्या निम्म्यांना दोन वर्षं व्यायाम देऊन पाहिला. नुसती आरोग्याची व्याख्यानं ऐकणाऱ्या गटापेक्षा त्यांची बुद्धी एकंदरीत काही सरस ठरली नाही. ऐंशीपुढचे आणि सुरुवातीला शरीराने अगदी कमजोर असलेले, यांच्यात मात्र लक्ष हलवण्या-थोपवण्याच्या त्याच क्षमतेत फायदा दिसला. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासात, डिमेन्शिया जडल्यानंतर दिलेल्या जोरदार व्यायामाने घसरण थांबली नाही. म्हणजे आजार पक्का झाल्यावर आईला ट्रेडमिलवर चढवू नका. आणि व्यायाम करा म्हणजे काही विसरणार नाही, असं कोणी संघाच्या व्यासपीठावरून सांगितलं तर त्याला खाली बसवा. मी म्हणते ते इतकंच: शक्यता आहे, ती बायकांच्या बाजूला जरा जास्त झुकलेली आहे, आणि आपण तीच बाजू वर्गाबाहेर ठेवली आहे.

आता माझ्या विषयातलं, म्हणजे आपण सकाळी करतो काय त्याबद्दल. दोन्ही हात वर, दोन्ही हात खाली, मान डावीकडे, मान उजवीकडे, मनगटं फिरवा, टाळ्या, मग हास्याचे प्रकार, मग ओंकार. मला हे सगळं आवडतं. सांधे मोकळे होतात, चार माणसं भेटतात, दिवस बरा सुरू होतो. पण वर सांगितलेले अभ्यास नीट वाचले तर एक गंमत दिसते. ज्या गटाशी व्यायामाची तुलना केली, त्या तुलनेच्या गटाला याच प्रकारचं काहीतरी दिलेलं होतं. बेकरांच्या अभ्यासात ताणाचे व्यायाम हा तुलनेचा गट. २०११ मध्ये गाजलेल्या एरिक्सन यांच्या अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी एक गट आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं चालला आणि वर्षभरात त्यांच्या मेंदूतला आठवणींचा भाग, हिप्पोकॅम्पस, २ टक्क्यांनी वाढला. अंग ताणत बसलेल्या गटाचा तोच भाग १.४ टक्क्यांनी आकसला. थोडक्यात, आपला अख्खा संघ रोज सकाळी तुलनेच्या गटात उभा राहतो.

त्याहून मोलाचा आहे कॅनडातल्या व्हँकुव्हरमधला २०१० चा अभ्यास, कारण त्यात फक्त बायका होत्या. ६५ ते ७५ वयाच्या १५५ जणी. काहींनी आठवड्यातून एकदा, काहींनी दोनदा वजनं उचलली, वर्षभर. उरलेल्यांनी तोल सांभाळण्याचे आणि अंग मोकळं करण्याचे हलके व्यायाम केले. वर्षअखेर वजनं उचलणाऱ्या दोन्ही गटांची लक्ष टिकवण्याची क्षमता दहा-बारा टक्क्यांनी सुधारली, हलक्या व्यायामाच्या गटाची होती तिथेच राहिली. आठवड्यातून एकदा! संघाला तेवढं जमणार नाही, असं कोण म्हणेल?

मला ठाऊक आहे की बायकांनी वजनं उचलायची म्हटल्यावर कार्यकारिणीत काय बोललं जाईल. “अहो, त्यांना घरात काय कमी काम असतं?” हे वाक्य मी पुरुषांपेक्षा बायकांच्याच तोंडून जास्त ऐकलं आहे. त्याला उत्तर द्यायचं तर घरकामाला कमी लेखून चालणार नाही. शिकागोजवळच्या एका अभ्यासात ७१६ वृद्धांच्या मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलं होतं, ते स्वयंपाक आणि भांडीसुद्धा मोजत होतं. दिवसभरात सगळ्यांत कमी हालचाल करणाऱ्या दहा टक्क्यांना अल्झायमर होण्याचा धोका सगळ्यांत जास्त हालचाल करणाऱ्या दहा टक्क्यांच्या तुलनेत दुपटीहून जास्त निघाला. म्हणजे केर-फरशी वाया जात नाही. जागतिक आरोग्य संघटनाही घरकाम हालचालीत धरते.

पण माझ्या जावेचा दिवस पाहा. पाचला उठते. दूध, चहा, डबे, देवपूजा, भाजी निवडणं, दुपारी नातीला शाळेच्या बसमधून उतरवणं, संध्याकाळी पुन्हा कुकर. रात्री पाय सुजलेले. तिला विचारा, ती सांगेल की ती दिवसभर व्यायामच करते. एका रविवारी मी तिला आणि भाऊजींना खुर्चीची चाचणी दिली. हात छातीशी घडी घालून, हाताचा टेकू न घेता, तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेत पडण्याचा धोका तपासायला हीच वापरतात. तिथल्या मोजणीत ७० ते ७४ च्या बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी म्हणजे कमजोर. भाऊजींचे तेरा झाले. जाऊबाईंचे सात, आणि आठव्याला हात आपोआप खुर्चीच्या दांडीवर गेला. भाऊजी लगेच म्हणाले, “बघ, मी म्हणत असतो ना, फिरायला चल.” जाऊबाई म्हणाल्या, “तुम्ही फिरून येता तेव्हा चहा तयार असतो ना?” मी दोघांनाही पाणी प्यायला सांगितलं.

तिची सगळी हालचाल ओट्यापाशी उभं राहून, कमरेवरच्या अंगाने, दम न लागता होते. मांड्यांना काम नाही, हृदयाला काम नाही. खाली बसून करायची कामं मिक्सर, गॅस आणि वॉशिंग मशीनने घेतली, ते चांगलंच झालं, पण उठण्या-बसण्याची शिस्तही त्यांच्याबरोबर गेली. ती दमते. दमणं म्हणजे व्यायाम नव्हे, हे मला मैदानावर आणि घरात दोन्हीकडे समजावून सांगावं लागतं.

बरं, बायकांना चालता येत नाही असंही नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जा. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा वीसेक किलोमीटरची, पाऊस, चिखल, आणि साठी-सत्तरीच्या बायका साडीचा ओचा खोचून, हातात चपला घेऊन पुरुषांच्या पुढे निघालेल्या असतात. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. देवासाठी निघालेल्या बाईला घरात कोणी विचारत नाही की पोळ्यांचं काय. स्वतःच्या गुडघ्यासाठी निघालेल्या बाईला विचारतात. काकडआरतीला पाचला बाहेर पडणारी सासू पुण्यवान, आणि मॉर्निंग वॉकला पाचला बाहेर पडणारी सासू जरा जास्तच आधुनिक. समाज बदलेल तेव्हा बदलेल. तोवर संघांनी थोडी चलाखी करायला काय हरकत आहे? गुरुवारी दुपारी साडेचारला काळारामापासून तपोवनापर्यंत दर्शनफेरी ठेवा. अंतर दीड-दोन किलोमीटर. फक्त एक अट: जाताना झपझप चालायचं. बोलता यायला हवं, पण भजन म्हणता येऊ नये, एवढा वेग. भजन तपोवनात पोचल्यावर. परतताना हवं तर रिक्षा.

आणि आपल्याकडच्या जुन्या गोष्टी आपण फार लवकर सांस्कृतिक कार्यक्रमात ढकलून दिल्या आहेत. झिम्मा घ्या. गाणं लक्षात ठेवायचं, टाळी समोरचीच्या टाळीला जुळवायची, पाय वेगळ्या तालात, आणि वळताना शेजारणीला धडकायचं नाही. मेंदूला एका वेळी चार कामं लावणारा इतका नेटका व्यायाम मी बीपीएडच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, अभ्यासक्रमात शिकले नाही. न्यूयॉर्कमध्ये ७५ च्या पुढच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शारीरिक छंदांपैकी एकाच छंदाचा डिमेन्शिया कमी असण्याशी संबंध दिसला, तो म्हणजे नाच. आपल्याकडे श्रावणात एक दिवस मंगळागौर, तीही तरुण मुलींचा गट पैसे देऊन बोलावून, आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या. फुगडी सत्तरीला नको; तोल गेला तर खुब्याचं हाड मोडेल आणि मला शिव्या बसतील. झिम्मा मात्र खुशाल घाला. लेझीम घाला. माझ्या वयाच्या बहुतेक जणींनी शाळेत लेझीम केलेली आहे. हातात दिली की पाय आपोआप पडतात, पहिल्या चार आवर्तनांत दम लागतो. ढोल मात्र बोलावू नका. नाशिकचा ढोल कुठेही शिरला की व्यायाम राहतो बाजूला आणि मिरवणूक सुरू होते.

पुरुष सभासदांनो, तुमच्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. वरच्या अभ्यासांत पुरुषांना फायदा कमी दिसला म्हणजे तुम्ही घरी बसावं असं नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चार लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली. व्यायामाने अकाली मृत्यूचा धोका कमी होण्याचा जो लाभ पुरुषांना आठवड्याला ३०० मिनिटांनी मिळत होता, तेवढाच स्त्रियांना १४० मिनिटांत मिळत होता. तो अभ्यास बुद्धीचा नाही, आयुष्याचा आहे. पण तुमच्या वाट्याला मेहनत जास्त आली आहे, हे त्यातून कळतं. आणि तुमचा ट्रॅकवरचा वेग? महापालिकेच्या निवडणुकीवर सविस्तर चर्चा करत, दर वीस पावलांवर थांबून मुद्दा पटवत चालणं, याला चालणं म्हणायला पीटीच्या बाईंची जीभ रेटत नाही.

तर मागणी काय? पहाटेचा वर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. दुसरा वर्ग सुरू करा, दुपारी साडेचार ते साडेपाच. नातवंडं आलेली असतात, संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायचा असतो. नातवाला सोबत आणायची मुभा द्या. मैदानात एक कोपरा मुलांना दिला की पन्नास आज्यांची सबब संपते. उन्हाळ्यात सभागृह. आठवड्यातून तीन दिवस दम लागेल असं चालणं, झिम्मा किंवा लेझीम. दोन दिवस ताकदीचे व्यायाम: हात न टेकता खुर्चीवरून उठणं, भिंतीवर जोर, पायरी चढ-उतार, आणि वजनासाठी किलो-किलोच्या तांदळाच्या पिशव्या. महागडी यंत्रं नकोत. बागांमधली ओपन जिमची यंत्रं साडी नेसलेल्या बाईचा विचार करून बनवलेली नाहीत. पाय फाकवून झुलायचं ते यंत्र पाहिलं की आमच्या जणी दुसऱ्या वाटेने जातात. पायात चप्पल नको, बूट हवेत, आणि साडीवर बूट विचित्र दिसतात ही लाज जायला एकीने सुरुवात करावी लागते. मी केली आहे, पंधरा दिवस लोक पाहतात, मग त्यांना कंटाळा येतो.

स्वच्छतागृहाशिवाय हा वर्ग चालणार नाही, आणि हे कोणी सभेत बोलत नाही म्हणून इथे स्पष्ट लिहिते. या वयात बायकांना लघवी धरवत नाही. जोरात चाललं, उडी मारली, हसलं तरी थेंब जातो. म्हणून बायका निघण्याआधी पाणी पीत नाहीत, लांब जात नाहीत, आणि हास्यवर्गात ओठ मिटून हसतात. माझ्या घराजवळच्या बागेतल्या स्वच्छतागृहाला मी कधी कुलूपच पाहिलं आहे, तर कधी कुलूप नसतं तेव्हा पाणी नसतं. वर्गाची जागा ठरवताना आधी हे बघा, मग झाडांची सावली बघा. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायामही या वर्गात शिकवता येतात, मात्र ते बाईनेच शिकवावेत.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, चक्कर असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे सांगायला नकोच. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पुढच्या रांगेत उभं करा, म्हणजे त्यांना सूचना कळतील आणि त्या दुसऱ्या दिवशीही येतील.

आणखी एक. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. राज्यभरची वैद्यकीय आणि फिजिओथेरपीची महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. संघांनी एकत्र येऊन विनंती केली तर खुर्चीची आणि पेन्सिलची चाचणी घ्यायला विद्यार्थी येऊ शकतील. वर्ग सुरू होताना एकदा, सहा महिन्यांनी पुन्हा. बायकांचे आकडे वेगळे लिहा, पुरुषांचे वेगळे. व्हँकुव्हरच्या बायकांचं काय झालं ते आपल्याला कळलं. सिडकोतल्या आणि मखमलाबादच्या बायकांचं काय होतं, तेही मोजून पाहावं. एक सावधगिरी मात्र हवी. शब्द आठवण्याच्या चाचण्यांत बायका सहसा पुरुषांपेक्षा सरस असतात, त्यामुळे त्यांची घसरण उशिरा पकडली जाते, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. आणि आकडे-अक्षरांची चाचणी शाळा न पाहिलेल्या बाईला लावू नका. तिच्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत, त्या विद्यार्थ्यांच्या प्राध्यापकांना ठाऊक असतात.

आता शेवटचा विषय, कार्यकारिणीचा. आमच्या संघात ‘महिला विभाग’ आहे. त्याच्याकडे हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा आणि प्रत्येक कार्यक्रमाचा चहा. आरोग्य, व्याख्यानं, सहली आणि हिशेब मुख्य कार्यकारिणीकडे, जिथे बाई म्हणून एक सदस्य असते आणि ती इतिवृत्त लिहिते. इतर संघांत चित्र याहून वेगळं असेल तर मला आनंदच आहे. त्यांनी कळवावं, मी बघायला येईन. व्यायामवर्गाची वेळ ठरवणाऱ्या बैठकीत पोळ्या लाटणारं कोणी नसेल, तर वेळ पहाटेचीच ठरणार.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘दुपारचा व्यायामवर्ग आणि त्यासाठी स्वतंत्र महिला समिती’ हा विषय घ्यावा, ही विनंती. सूचक म्हणून माझं नाव घालावं. अनुमोदक पुरुष सभासदांपैकी असावा. आणि त्या दिवशीचा चहा कार्यकारिणीने करावा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
पंचवटी, नाशिक